धर्माचा रकाना

पौष पौर्णिमा जवळ आली की नांदेड जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये दाभडला जायची तयारी सुरू होते. अर्धापूर तालुक्यातलं हे गाव. तिथल्या महाविहार बावरीनगरात दरवर्षी या पौर्णिमेला बौद्ध धम्म परिषद भरते. माणसं टेम्पोत, ट्रॅक्टरमध्ये, एसटीने, दुचाकीवर लेकरं बसवून येतात. थंडी कडक असते. बायकांनी पांढऱ्या साड्या नीळ देऊन आदल्या दिवशीच वाळवलेल्या असतात, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधलेली असते. माझं माहेर नांदेड जिल्ह्यात, सासर लातूर जिल्ह्यात आणि नोकरी सगळी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमधली. लग्नानंतरही जमेल त्या वर्षी मी दाभडला जात आले. आधी मायसोबत, ती गेल्यावर एकटी, आता सुनेला घेऊन.

त्या जागेला बावरीनगर का म्हणतात, हे मला तिथल्या मंडपातच एका भन्तेंच्या देसनेतून कळलं. नंतर धर्मानंद कोसंबींचा सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद मिळवून वाचला. सुत्तनिपाताचा शेवटचा भाग म्हणजे पारायणवग्ग. त्यात बावरी नावाचा म्हातारा ब्राह्मण येतो. कोसल देश सोडून तो दक्षिणेत आला आणि गोदावरीच्या काठी, अस्सक देशाच्या हद्दीत आश्रम करून राहिला. एकदा त्याने मोठा यज्ञ केला आणि होतं नव्हतं ते सगळं वाटून टाकलं. त्यानंतर आणखी एक ब्राह्मण दारात आला आणि पाचशे नाणी मागू लागला. देण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा त्या ब्राह्मणाने शाप दिला की सात दिवसांत तुझ्या डोक्याची सात शकलं होतील. बावरीचं अन्नपाणी तुटलं. मग त्याला कळलं की या डोकं फुटण्याचा अर्थ सांगू शकेल असा एकच माणूस आहे आणि तो दूर उत्तरेत आहे. बावरीचं चालायचं वय राहिलं नव्हतं. त्याने आपले सोळा शिष्य पाठवले. पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, वैशाली असं करत ते मगधात पोचले. बुद्धांनी त्यांना सांगितलं की अविद्या हेच ते डोकं, आणि विद्या ते फोडते. मग सोळाही जणांनी एकेक करून आपापला प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला उत्तर मिळालं.

त्यांतला पिंगिय मला फार जवळचा वाटतो. तो स्वतःच म्हातारा झालेला, अंगात बळ नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही. तरी प्रश्न घेऊन एवढी वाट चालून गेला आणि परत येऊन बावरीला सगळं सांगितलं.

बावरीचा आश्रम नेमका कुठं होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तेलंगणात गोदावरीच्या पात्रातलं बादनकुर्तीही हा मान सांगतं. अस्सकाची राजधानी पोतन म्हणजे आजचं बोधन असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि बोधन आमच्या बिलोली-देगलूरपासून लांब नाही. जागा कुठलीही ठरो. गोदावरीच्या या पट्ट्यातून माणसं प्रश्न विचारायला बुद्धाकडे गेली, ही नोंद पाली साहित्यात फार जुन्या समजल्या जाणाऱ्या भागात आहे. मी शिकवलेल्या पुस्तकांत मला बावरी कधी दिसला नाही. शिक्षकांच्या खोलीत मात्र 'तुमचा धर्म छप्पन्न सालचा' हे वाक्य मी अनेकदा ऐकलं. धर्म किती जुना यावरून माणसाची किंमत ठरत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण वाक्य चुकीचं होतं आणि ते चुकीचं आहे हे सांगायला मला आधी स्वतः वाचावं लागलं.

दादा, म्हणजे माझे वडील, सालगडी होते. रात्रीच्या शाळेत अक्षरं शिकलेले. त्यांच्या बोलण्यात १९५६ साल सारखं यायचं. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन महिन्यांच्या आत एवढं सगळं. दादांनी आणि वस्तीतल्या बाकीच्यांनी दीक्षा घेतली ती त्यानंतर, तालुक्याच्या गावी. घरी येऊन देव्हारा रिकामा केला. मायला मरीआई सोडायला पुढं बरीच वर्षं लागली, आणि दादांनी तिच्यावर कधी जबरदस्ती केली नाही. आमच्या घरात धम्म असा सावकाश आला.

गावात मात्र तो एका दिवसात कळला. वस्तीने मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, येसकरकी सोडली, गावकीची कामं सोडली. आम्ही सकाळी कुणाला वंदन करतो याच्याशी गावाला काही देणंघेणं नव्हतं. ढोर कोण ओढणार, सांगावा घेऊन कोण पळणार, हा गावाचा प्रश्न होता. दुकानातून मीठमिरची बंद झाली, शेतावरचं काम बंद झालं. हे मी मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. धर्म ही घरातली खाजगी गोष्ट आहे, असं कुणी म्हणालं की मला ते ऐकलेले दिवस आठवतात. आमचा धर्म पहिल्या दिवसापासून गावाच्या रस्त्यावर उभा होता, कारण आमचं सगळं जगणंच गावाच्या मर्जीवर होतं.

मी स्वतः पाहिलं ते १९७८. त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. मी अकरा वर्षांची होते. आमच्या वस्तीत विद्यापीठ कुणी पाहिलेलं नव्हतं. औरंगाबाद कुठल्या दिशेला, हेसुद्धा फार जणांना सांगता आलं नसतं. ठराव झाला आणि पाठोपाठ मराठवाडाभर वस्त्या जळायला लागल्या. नांदेड जिल्ह्यात तर फारच. आमच्या जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारल्याची बातमी आली तेव्हा वस्तीत रडायलाही कुणी मोठ्याने रडलं नाही. ते मातंग समाजाचे होते, जय भीम म्हणायचे. त्या आठवड्यातल्या रात्री आम्ही ओढ्यापलीकडच्या कपाशीत काढल्या. पाऊस होता. मायने धाकट्या भावाच्या तोंडावर हात धरलेला मला आठवतो, तो रडू नये म्हणून. आमचं घर वाचलं. कडेची तीन घरं जळली. गावातल्या एका मराठा म्हातारीने दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तीकडे ज्वारीचं पोतं पाठवलं, आणि हे सांगितलं नाही तर मी अर्धंच सांगितलं असं होईल.

नामांतराला पुढं जवळजवळ सोळा वर्षं लागली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ आलं. माझा मुलगा त्याच विद्यापीठातून पदवीधर झाला. विद्यापीठाच्या कमानीखालून जाताना त्याला काही वाटत नाही, आणि मला ते बरं वाटतं.

आता रकान्याकडे येते. माझ्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीधर्माच्या रकान्यात 'हिंदू-महार' असं लिहिलेलं आहे. नाव घालताना दादांनी 'बौद्ध' सांगितलं होतं. गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की बौद्ध लिहिलं तर पोरीची सवलत जाईल. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता, आणि त्या दिवशी ते म्हणाले त्यात तथ्यही होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंमधल्या धरल्या, १९५६ मध्ये शीख आले, आणि बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडावं लागलं. महाराष्ट्र सरकारने आपल्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या होत्या. केंद्राच्या नोकऱ्यांना, टपाल-रेल्वेला, त्या चालत नव्हत्या. म्हणजे चौतीस वर्षं या देशाने आम्हाला सांगितलं की मनात काहीही माना, कागदावर हिंदू राहिलात तरच तुमचं मागासलेपण खरं. दादा सही करून घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ते दोन दिवस मला लख्ख आठवतात.

मी शिक्षिका झाले तेव्हा तेच रजिस्टर माझ्या हाती आलं. जुनी, निजामाच्या काळातली पानं उर्दूत. गावात एखादे म्हातारे मौलवीसाहेब किंवा जुने पाटील असले तर तेच वाचून दाखवणार. त्यात आमच्या जातीला 'धेड' लिहिलेलं. पुढच्या पानांवर 'महार', मग 'हिंदू-महार', मग कुठं 'नवबौद्ध', कुठं 'बौद्ध'. एकाच घरातल्या चार भावंडांच्या चार नोंदी. जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून माणसं प्रवेश-निर्गम उतारा मागायला येतात. डोळे पानावर, माझं बोट ओळीवर, आणि आजोबांचं नाव सापडलं की चेहऱ्यावर आनंद. पण त्या नावापुढचा शब्द मोठ्याने वाचताना माझाच आवाज अडखळायचा. घ्यायचा तो आधार त्याच शब्दाचा, आणि टाकायचा तोही तोच.

सासरी वेगळं होतं. लातूर हा जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून निघाला. सासरचं गाव औसा तालुक्यातलं. तिथं घरात बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची, आणि कोनाड्यात खंडोबाही. मामा, म्हणजे सासरे, प्रत्येक कागदावर हिंदू-महार लिहायचे. लग्न लागलं ते त्रिशरण-पंचशील घेऊन, पण दुसऱ्या दिवशी मला खंडोबाला नेलं. मी हात जोडले नाहीत. बाहेर पायरीवर उभी राहिले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझ्या बापानं तुला शिकिवलं, मला कुणी शिकिवलं बाई?" त्यांना माझ्याशी भांडायचं नव्हतं, त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. त्यानंतरच्या आषाढात आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. पत्र्याची एक खोली, तेच आमचं विहार. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज थोडं थोडं वाचायचं. आत्याबाई पहिल्या दिवसापासून पुढं बसायच्या आणि मधेच थांबवून विचारायच्या. सिद्धार्थाने घर सोडलं तेव्हा यशोधरेला कुणी विचारलं का? बाबासाहेबांनी लिहिलंय म्हणून खरं का? मरणानंतर काहीच नाही तर मग माझी गेलेली लेक कुठं आहे? वाचणाऱ्या पोराला उत्तरं द्यायला जमायची नाहीत. पण त्यांना गप्प बसा असं कुणी म्हटलं नाही. माझ्या मते त्या पत्र्याच्या खोलीत बावरीच्या सोळा शिष्यांची परंपरा चालू होती. विहार कशासाठी, याचं माझं उत्तर तिथं तयार झालं आणि ते पुढं बदललं नाही.

शाळेत धर्म रोज असतो. पहिल्या दिवशी सरस्वतीचा फोटो, नव्या खोलीचं उद्घाटन झालं की नारळ. घटनेचं २८ वं कलम पूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये असं सांगतं. नारळ म्हणजे शिक्षण नव्हे, असं उत्तर लगेच येतं. एका गावात नव्या वर्गखोलीच्या वेळी सरपंच मला म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या, तुम्ही फोडा." मी नको म्हटलं. कारण विचारलं तर सांगितलं की मी बौद्ध आहे, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मानते. दुसऱ्यांनी फोडला. त्या दिवशी काही झालं नाही, पण पुढचे काही महिने पालकांच्या बैठकीत माझ्या बोलण्यावर कुणी बोलेना. वर्गातली पोरं तशीच राहिली, त्यांना काही फरक पडला नव्हता. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला त्याच सरपंचांच्या नातीने इतकं सुंदर भाषण केलं की ते स्वतः उठून माझ्याकडे आले आणि तेव्हापासून बोलणं पुन्हा सुरू झालं.

त्या शाळेची सहल मी तेरला नेली होती. पेरिप्लस या ग्रीक पुस्तकात तगर म्हणून ज्या बाजारपेठेचं नाव आहे ते हे तेर, संत गोरोबाकाकांचंही तेर. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. सातवाहन काळातली हस्तिदंती बाहुली तिथं पाहायला मिळते. गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे, विटांचं. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, वर कमानदार छत. हे मूळचं चैत्यगृह असावं, हे हेन्री कझिन्सपासून अनेक अभ्यासकांनी लिहिलं आहे. उत्खननात गावाजवळ विटांच्या स्तूपाचे अवशेषही निघाले. पोरांना मी देवळाभोवती फिरवलं, आत नेलं, पुजाऱ्यांनी त्रिविक्रमाची मूर्ती दाखवली, प्रसाद दिला. मग बाहेर येऊन भिंतीचा गोल आकार दाखवला आणि कार्ल्याच्या चैत्याचं चित्र समोर धरलं. एका मुलाने विचारलं, "मग बाई, हे कुणाचं?" मी म्हटलं, आधी त्यांचं, नंतर ह्यांचं, आणि आता बघायला आलेल्या तुमचंही.

आमच्या चळवळीतल्या काही तरुणांना हे उत्तर मिळमिळीत वाटतं. मला वाटत नाही. तेरच्या देवळात कित्येक शतकं विष्णूची पूजा चालू आहे. ती थांबवून मला काही मिळवायचं नाही. तिथं पूर्ण इतिहास सांगणारा मोठा मराठी फलक मात्र हवा आहे. बोधगयेची गोष्ट निराळी. ते जगभरच्या बौद्धांचं जिवंत पूजास्थान आहे, आणि तरी १९४९ च्या कायद्याने त्याच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथं भिक्खूंनी पुन्हा आंदोलन सुरू केलं, त्याच्या निवेदनावर मी सही केली आहे. औसा तालुक्यातल्याच खरोशाच्या जांभ्या दगडातल्या लेण्यांमध्ये शिव आहे, नरसिंह आहे, आणि बसलेल्या बुद्धाची मूर्तीही दाखवतात. सहाव्या शतकाच्या आसपासच्या माणसांनी एका टेकडीत शेजारी शेजारी कोरून ठेवलं. आपल्याकडे दोन मिरवणुका एका रस्त्याने जायच्या म्हटलं की पोलीस लागतात.

रस्त्याबद्दल लिहिताना हात जड होतो. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात बौद्ध समाजातल्या एका तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग मनात धरून तो केल्याचा आरोप आहे. १९७८ ला मी कपाशीत बसले होते तेव्हा माझ्या आईला वाटलं होतं की माझ्या लेकरांपर्यंत हे संपेल. डीजेचा आवाज कमी ठेवा, हे मी आमच्या पोरांना दरवर्षी सांगते, आणि ते माझ्यावर चिडतात. पण आवाजाचा मुद्दा वेगळा आणि रस्त्याचा वेगळा. गावच्या मुख्य रस्त्यावरून ज्याला जायचं त्याला जाता आलं पाहिजे, पालखीला, ताजियाला आणि जयंतीलाही. यात मी एक पाऊल मागे यायला तयार नाही.

सार्वजनिक जागेत धर्म चांगला कसा दिसतो, तेही मी नांदेडातच पाहिलं. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथंच गेले. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात दादा आम्हाला लहानपणी न्यायचे. कामाला नांदेडला आले की दुपारचं जेवण तिथं. पंगतीत शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नसे. वाढणाऱ्याने रोटी हातात दिली की दादा दोन्ही हात पुढे करून घ्यायचे. गावात त्यांना वरून टाकलेली भाकरी माहीत होती. धर्म कोणताही असो, त्याने गावाला असं एखादं जेवण, असा एखादा दवाखाना, अशी एखादी अभ्यासिका दिली तर तो रस्त्यावर शोभतो.

आता आमच्याकडेही मोठी बांधकामं झाली. लातूरच्या आंबेडकर पार्कात २०२२ च्या जयंतीच्या निमित्ताने बाबासाहेबांचा सत्तर फुटी पुतळा उभा राहिला. उदगीरला कलबुर्गीच्या विहाराच्या धर्तीवर विश्वशांती बुद्धविहार बांधलं आणि ४ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मी गेले होते. गर्दीत आमच्या बाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या होत्या, ज्यांनी तरुणपणी विहिरीवर लांब उभं राहून पाणी मागितलं होतं. त्या पायऱ्यांना हात लावून बघत होत्या. देशाच्या राष्ट्रपती आपल्या विहारात येतात, याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. त्याच दिवशी उदगीरला सरकारी योजनांचा महिला मेळावाही होता, आणि निवडणुका जवळ आल्या होत्या. त्यातल्या पुढाऱ्यांना मी दोष देत नाही, प्रत्येक धर्माच्या दारात ते असेच येतात. माझं म्हणणं आमच्याच माणसांना आहे. एवढ्या मोठ्या घुमटाखाली वर्षावासाचं वाचन रोज व्हायला हवं. तिथं पाली शिकवणारा कुणी हवा, स्पर्धा परीक्षेची पोरं बसायला हवीत, मातंग, मराठा, मुस्लीम, लिंगायत, कुणाच्याही पोराने आत येऊन पुस्तक मागावं आणि त्याला ते मिळावं. आत्याबाईंसारखी एखादी म्हातारी मधेच उठून काही विचारेल, तर तिला माईक द्यायला हवा. हे होत नसेल तर आमची पत्र्याची खोली मला त्याहून मोठी वाटते.

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. फेब्रुवारीत, लातूर जिल्ह्यातल्या एका गावात. त्या फॉर्मवर घरातल्या प्रत्येक माणसाचा धर्म वेगळा लिहायचा असतो, आणि समोरचा सांगेल तेच लिहायचं, सुचवायचं नाही, अशी सूचना होती. आमच्या वस्तीसारखीच एक वस्ती. आजोबा बाजेवर, मुलगा दारात, सून चुलीपुढं, नात बारावीला. मी विचारलं, धर्म? आजोबा म्हणाले, "हिंदू लिवा बाई. न्हाईतर पोरीची फी माफी जाईल." नात आतून म्हणाली, "बौद्ध लिवा." मुलगा कुणाकडेच बघेना. शेवटी त्याने मला विचारलं, "खरंच जातंय का बाई सवलत?" विचारल्यावर सांगायला हरकत नव्हती. मी सांगितलं की १९९० पासून हिंदू, शीख आणि बौद्ध या तिन्हींतले लोक अनुसूचित जातीत धरतात, फॉर्मसोबतच्या पुस्तिकेतही तसं आहे. तो पुन्हा म्हणाला, खरंच? सून उठून बाहेर आली, म्हणाली, "माझं बौद्ध." मग मुलगाही म्हणाला. आजोबा मात्र म्हणाले, माझं हाय तसंच ऱ्हाऊ द्या. मी तसंच लिहिलं. एका घरात दोन धर्म. दोन्ही तितक्याच जपून लिहिले, कारण दादांच्या बाबतीत कुणी तसं केलं नव्हतं.

१९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ मध्ये ते २७ लाख ८९ हजार झाले. २०११ मध्ये ६५ लाख ३१ हजार, म्हणजे राज्याच्या ५.८१ टक्के, आणि देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त. त्याच वर्षी राज्यातली अनुसूचित जातींची लोकसंख्या १ कोटी ३२ लाखांच्या वर होती. त्यांतली, विहारात येणारी, जयंतीला नाचणारी, पण कागदावर अजून बाजेवरच्या आजोबांसारखं सांगणारी माणसं मला लातूर भागात घरोघर भेटली. त्यांना कुणी दटावू नये. त्यांच्या मनात अजून शाळेतले ते गुरुजी बोलत आहेत.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि या वेळी प्रत्येकाच्या जातीचीही नोंद होणार आहे. ज्यांनी दीक्षा घेतली आहे किंवा ज्यांच्या आईबापांनी घेतली होती, त्यांना माझी विनंती आहे. धर्म विचारला तर बौद्ध सांगा. जात विचारली तर दाखल्यावर आहे ती, अनुसूचित जातीच्या यादीतली जात सांगा. दोन्ही सांगितल्याने कुणाचीही सवलत जात नाही. प्रगणकाने काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. आणि घरातल्या एकट्या कर्त्या माणसाने सगळ्यांचं सांगून टाकू नये. म्हाताऱ्यांना विचारा, सुनांना विचारा, जी जे सांगेल ते तिच्या नावापुढं लिहू द्या.